आबांचा पाय

आबांचा पाय चुकला, हे मला पहिल्यांदा कळलं ते कंपनीच्या गेटवर. सांगणारा हसत सांगत होता, म्हणून मी त्याला तिथल्या तिथे झापलं. "गप बस," म्हटलं, "त्या पायाबद्दल बोलायची तुझी लायकी आहे का?" सायकल भिंतीला टेकवली, जेवणाचा डबा हँडललाच राहिला, आणि मी तडक गाड्यांच्या शेडकडे निघालो.

पवना धरणाचं काम चालू होतं त्या सुमारासची ही गोष्ट. आमची कंपनी पिंपरीत, मुंबई-पुणे रस्त्याला लागून. शेतीचे पंप बनवायची. मी तिथे गाड्यांचा मिस्त्री होतो. दोन ट्रक, मोठ्या साहेबांची मोटार आणि दसऱ्याच्या थोडं आधी आलेली एक नवी कोरी जीप, एवढा माझा संसार. डोकं माझं तापट, हे सगळी कंपनी जाणून होती. पण गाडीचा आजार मला कळतो, हेही जाणून होती, त्यामुळे माझं तापणं चालून जायचं.

आबा म्हणजे आमचे सगळ्यांत जुने ड्रायव्हर. भोसरीकडच्या जुन्या शेतकरी घरातले. रिटायर व्हायला फार दिवस उरले नव्हते. मला गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं. शेजारी बसायचे आणि मी ब्रेक जोरात दाबला की गुडघ्यावर फाडकन चापट. "ब्रेक दाबायचा नसतो, लावायचा असतो," म्हणायचे. स्वतः कायम अनवाणी चालवत. चपला काढून सीटखाली जोडीनं ठेवायच्या आणि मगच पेडलवर पाय. एक तर गाडी म्हणजे लक्ष्मी, आणि दुसरं म्हणजे पेडल काय सांगतंय ते तळपायाला कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

जीप आली ती चाकणच्या पलीकडच्या खेड्यांसाठी. तिकडे आमचे पंप बसलेले, आणि रस्ता म्हणजे नुसती बैलगाडीची चाकोरी. पाऊस झाला की काळ्या मातीत ट्रक पोटापर्यंत रुतायचा. जीप मात्र चारही चाकांनी ओढायची, चिखलातून म्हैस निघावी तशी निघायची. पंपांच्या दुरुस्तीचं काम बघणारे एक साहेब होते, पुण्याचे, शिकलेले, बोलायला तुटक पण मनाचे सरळ. ते आबांच्या शेजारी बसले की नाशिक फाटा ओलांडायच्या आत त्यांचा डोळा लागायचा. मान कलंडून चक्क घोरायचे. आबांना त्याचा केवढा अभिमान! "साहेब माझ्या गाडीत झोपत्यात," हे ते चहाच्या टपरीवरसुद्धा सांगून आले होते. ड्रायव्हरला याहून मोठं सर्टिफिकेट कुठलं असतं, राव?

आता झालं काय, ते सांगतो. खंडेनवमीच्या आधीच मी रजा टाकून गावी गेलो होतो, घरचे घट उठवायला. दरवर्षीच जायचो. मी नसताना खंडेनवमीची पूजा झाली, दसरा झाला, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आबा साहेबांना घेऊन चाकणकडे निघाले. मोशी सोडली की इंद्रायणीच्या पुलाकडे उतार लागतो. पुढे कांद्याची बैलगाडी चाललेली. आबांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि ब्रेक लागलाच नाही. त्यांनी स्टिअरिंग कापलं, गाडी रस्त्याखाली उतरवली आणि बांधावरच्या बाभळीत घातली. बैलांना खरचटलंसुद्धा नाही. साहेबांच्या कपाळाला टेंगूळ आलं, जीपचा पुढचा बंपर वाकला. संपलं. उतारावर, भरधाव गाडी, आणि एवढ्यावर निभावलं. दुसरा कुणी असता तर गाडीवानासकट पुलाखाली गेला असता.

पण मागून कंपनीचा ट्रक गेला, जीप ओढून शेडमध्ये आणली, आणि रात्रभर ती तिथे उभी राहिली. सकाळी साहेबांनी स्वतः पेडल दाबून बघितलं. पेडल घट्ट! ब्रेक अगदी ठणठणीत! मग काय विचारता, सगळ्या कंपनीला तोंड फुटलं. म्हातारा झालाय, पाय पेडलवर पडलाच नाही. कुणी म्हणालं, लेकीनं दसऱ्याला नव्या चपला आणल्या होत्या ना, त्याच घसरल्या. ही सगळी शहाणी मंडळी.

मी शेडमध्ये पोचलो तेव्हा आबा एका रिकाम्या खोक्यावर बसले होते. हात गुडघ्यांवर, नजर जीपवर. साहेब कपाळाला पट्टी लावून उभे होते.

"बरं झालं तुम्ही आलात," साहेब मला म्हणाले. "मी सगळं बघितलं आहे. ब्रेकमध्ये दोष नाही. आबांना आता गाडी नको. रिटायर होईपर्यंत गेटवर बसतील. पगार तोच राहील, त्यात काही फरक नाही."

"पगाराचं कुणी विचारलंय?" मी म्हणालो. साहेबांशी असं बोलायचं नसतं, पण तोंडातून गेलं.

आबांनी नुसतं खाली बघितलं, पायांकडे. मला ते बघवेना. गेटवर बसायचं म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीला दांडा उचलून द्यायचा, आणि आत बसलेल्या प्रत्येकानं म्हणायचं, हाच तो, याचा पाय चुकला होता. ज्या माणसानं उभा जन्म गाडी हाकली त्याला हे? आबांनी ते वर्ष काढलं नसतं. मला ते तेव्हाही ठाऊक होतं.

"साहेब, मला आजचा दिवस द्या," मी म्हणालो. "आज दोष सापडला नाही तर उद्या मी स्वतः आबांना गेटवर खुर्ची टाकून देतो."

साहेबांनी मान डोलावली. मी बाह्या सरसावल्या.

आधी नेहमीचं. चारही चाकांमागे बघितलं, कुठे ओल नाही, म्हणजे तेल गळत नव्हतं. पाइप हातानं चाचपत गेलो, कुठे तडा नाही. पेडल दाबून धरलं, खाली जाईना, म्हणजे आत हवाही नाही. चाकं वर उचलून फिरवली, भिंगरीसारखी फिरली. साहेब घड्याळाकडे बघत होते. माझ्या मनात एकदा येऊन गेलं, की असेलही बाबा, चुकला असेल पाय. पण लगेच स्वतःलाच शिवी घातली.

मग मी आबांसमोर उकिडवा बसलो. "आबा, निघाल्यापासून गाडी कशी होती, सांगा. काही लपवू नका."

"जड व्हती," आबा म्हणाले. "कुनी मागनं धरून ठेवावी तशी. मला वाटलं, नवी हाय, इंजिन अजून मोकळं झालं न्हाई."

"ब्रेक?"

"फाटकापाशी चांगला लागला. भोसरीतबी लागला. मोशीच्या उताराला पाय ठेवला तर पार फळीपत्तुर गेला. खाली कायबी न्हाई. पायानं दोनदा मारला. न्हाईच."

साहेब मध्येच म्हणाले, "वास येत होता, नाही का? मी झोपेत होतो, वासानं जागा झालो. मला वाटलं, कुणीतरी शेतात कचरा जाळतंय."

मी ताडकन उभा राहिलो. "कसला वास, साहेब? रबर? कापड जळाल्यासारखा?"

"हो, तसाच काहीसा. उग्र."

खरं सांगतो, त्या क्षणी साहेबांना मिठी मारावीशी वाटली. गाडी जड, जळका वास, आणि थंड झाली की सगळं ठीक. म्हणजे ब्रेक लागत नव्हता असं नाही, तो सुटतच नव्हता! पाय काढला तरी ब्रेक चाकांना धरून बसत होता. चाकं घासून तापायची, त्या तापानं पाइपातलं तेल उकळायचं, आणि उकळलेल्या तेलात जोर राहत नाही, त्यामुळे पेडल फळीला. थंड झाली की पुन्हा गुणी बाळ. सकाळी ज्यानं ज्यानं पेडल दाबलं, त्यानं थंड गाडीचं पेडल दाबलं होतं.

"बसा साहेब," म्हटलं, "भोसरीपर्यंत जाऊन येऊ. आबा, तुम्ही मागे बसा."

साहेब बसले, हे मी कधी विसरणार नाही. कपाळाला पट्टी, ब्रेक बिघडलेली गाडी, आणि चालवणारा मी, तरी बसले. मी एक हात हँडब्रेकवर ठेवला आणि दमानं निघालो. कासारवाडीच्या रेल्वे फाटकाला ब्रेक सुंदर लागला. पुढे मुद्दाम मध्ये मध्ये हलका ब्रेक लावत गेलो. हळूहळू गाडी जड व्हायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला तरी अंग उचलेना. भोसरीच्या अलीकडे तो वास आला.

"हाच!" साहेब ओरडले. "हाच वास!"

मी मोकळा रस्ता बघून पेडलवर पाय ठेवला. पेडल लोण्यात गेल्यासारखं थेट खाली. गिअर पाडला, हँडब्रेक ओढला, गाडी कडेच्या मातीत थांबवली. उतरून चाकावर बाटलीतलं पाणी शिंपडलं, तर तव्यावर पडावं तसं चर्र झालं.

साहेबांनी माझ्या जागेवर बसून स्वतःच्या पायानं पेडल दाबलं. एकदा, मग पुन्हा एकदा. मग खाली उतरले आणि मागच्या बाजूला आले. आबा आतच बसले होते.

"आबा, मी चुकीचं बोललो," साहेब म्हणाले. "तुमचा पाय बरोबर होता."

"असू द्या," आबा म्हणाले. एवढंच. पण पाठ ताठ झाली त्यांची. मी उगाच चाकाला लाथ घातली.

गाडी थंड होऊ दिली आणि गोगलगाईच्या चालीनं परत आलो. साहेब तावातच होते. "नवी गाडी आणि असली? उद्याच त्या विकणाऱ्याला बोलावतो. गाडी घेऊन जा म्हणतो, आणि सगळ्या पंचक्रोशीला सांगतो." असं म्हणत ते ऑफिसात गेले. शेडमध्ये मी आणि आबा, दोघंच उरलो. आबांनी आल्या आल्या मला चहा आणून दिला. स्वतःच्या हातानं. मी म्हटलं, झालं, आता फक्त ब्रेक का सुटत नाही ते बघायचं.

जीपमध्ये ब्रेकचं तेल पेडलजवळ, पायाखालच्या पत्र्याआड भरायचं असतं. पत्रा काढला, खालचा ब्रेकचा सिलिंडर खोलला. आत रबरी वॉशर असतो, करंगळीच्या पेराएवढा. तो हातात घेतला आणि मी बघतच राहिलो. रात्रभर भिजवलेल्या वालासारखा टम्म फुगला होता! तो फुगून तेल परत यायचं भोक बुजवून बसला होता. मग कसा सुटणार ब्रेक?

आता हा वॉशर एकाच कारणानं फुगतो. ब्रेकच्या तेलात दुसरं तेल गेलं की. मी आतलं तेल काचेच्या बाटलीत काढलं आणि खिडकीत ठेवलं. थोड्या वेळानं बघतो तर दोन थर. खाली ब्रेकचं तेल, वर मशीनचं. एकमेकांत मिसळायला तयार नाहीत.

मी भिंतीवरच्या फळीकडे वळलो. तेलाचे डबे तिथे असायचे. दोन डबे एकाच मापाचे, एकात ब्रेकचं तेल आणि एकात मशीनचं. ओळखायची खूण आम्हा सगळ्यांना पाठ होती. ब्रेकच्या डब्याच्या गळ्याला एक तेलकट चिंधी बांधलेली. अंधारात हात घातला तरी कळायचं. आज फळीवर दोन्ही डबे लालभडक, नव्या रंगाचे. दोघांवर पांढरं स्वस्तिक, दोघांना सुकलेला झेंडू. चिंधी कुठे दिसेना.

"आबा," मी म्हणालो, "हे कुणी रंगवले?"

आबा आपला चहाचा कप खाली ठेवत होते. त्यांचा हात मध्येच थांबला. त्यांनी बाटलीकडे बघितलं, मग डब्यांकडे, मग माझ्या तळहातावरच्या त्या फुगलेल्या वॉशरकडे. त्यांना सांगावं लागलं नाही.

"मी," ते म्हणाले. "खंडेनवमीला सगळं घासलं, रंगवलं. देवाफुडं घान चिंधी कशी ठेवायची? काडून टाकली. मग पूजेच्या आधी नव्या गाडीत तेल बघितलं, वाईच कमी व्हतं. तू नव्हतास. मीच वतलं."

बाहेर शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला. दर खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं घासायची, पाने पुसायचे, ट्रकच्या चाकांना गंध लावायचं, आणि सगळ्यांत जीव ओतून करायचे ते आबाच. आणि त्याच भक्तीनं गाडी उतारावर सोडली होती. मला त्यांचा राग यावा की कीव, कळेना. दोन्ही आलं.

"आबा, ऐका," मी हळू आवाजात म्हणालो. "हे आपल्या दोघांतच ठेवू. मी सगळं तेल काढतो, वॉशर नवे टाकतो, पाइप धुऊन घेतो. साहेबांना सांगतो, वॉशर खराब निघाला. ते काही खोटं नाही. दोष गाडीवर जाईल. तुमचा पाय बरोबर ठरलाय, आता कशाला उकरता?"

"आन गाडी?"

"गाडीला काय कळतंय?"

आबांनी माझ्याकडे असं बघितलं की गुडघ्यावर जुनी चापट बसली. "मला सगळी कंपनी पाय चुकला म्हनली तवा कसं वाटलं, तुला ठावं हाय? आन आता मी त्या गाडीला तेच म्हनू? तिनं काय केलं? मी जे वतलं ते तिनं प्यालं."

"साहेब गेटवर बसवतील तुम्हाला!" माझा आवाज चढला. "एवढं सगळं केलं ते कशासाठी केलं मी?"

"पाय चुकला न्हाई, हे कळावं म्हनून केलंस. ते कळलं." ते उठले, चपला पायात घातल्या आणि ऑफिसाकडे चालू लागले. मी शिव्या पुटपुटत मागे.

साहेब टेलिफोनचा नंबर फिरवत होते. आबा दारातच उभे राहिले.

"साहेब, फोन ठेवा. गाडी चांगली हाय. पाय चुकला न्हाई माझा. हात चुकला. ब्रेकमंदी मशीनचं तेल मी वतलं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. रंग, स्वस्तिक, चिंधी. काही गाळलं नाही, काही सजवलं नाही. साहेबांनी रिसीव्हर खाली ठेवला. मी मागे उभा राहून हातातला पाना घट्ट धरला होता. ते गेट म्हणाले असते तर मी काय बोललो असतो, देव जाणे. नोकरी गेली असती बहुतेक.

"गाडी कधी तयार होईल?" साहेबांनी मला विचारलं.

"उद्या संध्याकाळी."

"परवा सकाळी चाकणला जायचं आहे," ते आबांना म्हणाले. "तिकडचे पंप तसेच पडलेत. लवकर या."

आबांनी मान डोलावली आणि बाहेर आले. बाहेर आल्यावर धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. मी दुसरीकडे बघितलं.

मी ते काम जीव लावून केलं. जुन्या तेलाचा थेंबही ठेवला नाही, चारही चाकांचे वॉशर बदलले. गाडी तापेस्तोवर पळवून आणली आणि मगच हात धुतले. ठरलेल्या सकाळी आबा माझ्याही आधी शेडमध्ये हजर. कुठूनशी एक चिंधी आणली होती, ती तेलात बुडवून ब्रेकच्या डब्याच्या गळ्याला बांधत होते. गाठ मारून झाली आणि मग खिशातली कुंकवाची पुडी काढून त्यांनी त्या चिंधीलाच बोट टेकलं. मला हसू आलं, पण हसलो नाही.

साहेब आले. मी बघत होतो, मागे बसतात की पुढे. पुढे बसले. पण ताठ, पुढच्या दांडीला धरून. आबांनी चपला काढून सीटखाली जोडीनं ठेवल्या, पेडल दाबून बघितलं, आणि गाडी गेटबाहेर पडली. दिवसभर माझं कशात लक्ष लागेना. एका ट्रकचा उलटाच नट आवळत बसलो होतो.

दिवेलागणीला जीप परत आली. साहेब उतरून थेट ऑफिसात गेले. मी धावत आबांच्या बाजूला गेलो.

"काय झालं? मोशीच्या उताराला ब्रेक कसा होता?"

आबा सीटखालून चपला काढत होते. घाई कसली ती नाहीच. एक पायात घातली, दुसरी घातली, आणि मग म्हणाले, "ब्रेकचं काय इचारतोस? लागला की."

"मग?"

"उतार आला तवा," आबा म्हणाले. त्यांनी एकदा ऑफिसच्या दाराकडे बघून घेतलं. "उतार आला तवा साहेब घोरत व्हते."